सूर्यफुलाचं खत: गोणीतलं आणि पाकिटातलं

पेरणीच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं ‘जिवाणू खत द्या’ म्हटलं, की हातात बहुधा रायझोबियमचं पाकीट पडतं. दुकानदाराचं फारसं चुकत नाही, कारण समोरचं गिऱ्हाईक दहातले आठ वेळा सोयाबीन नाहीतर हरभरा पेरणारं असतं. सूर्यफुलाला मात्र ते पाकीट काही कामाचं नाही. रायझोबियमचे जिवाणू शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि तिथेच हवेतला नत्र धरतात. सूर्यफूल हे करडई-झेंडूच्या कुळातलं पीक, त्याच्या मुळाला गाठ येतच नाही. सूर्यफुलासाठी मागायची ती दोन पाकिटं: एक ॲझोटोबॅक्टरचं आणि दुसरं स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं, ज्याला दुकानात सगळे ‘पीएसबी’ म्हणतात.

ही पाकिटं घेतली म्हणजे युरियाची गोणी घ्यायला नको, असं काही जण सांगतात. काही जण उलट, गोणी असताना पाकिटाचे पैसे कशाला घालवायचे म्हणतात. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. जमिनीत पडल्यावर गोणीतलं खतसुद्धा जिवाणूंच्याच हातून पिकापर्यंत पोचतं. म्हणून दोघांचं काम कसं चालतं ते आधी नीट पाहू.

ॲझोटोबॅक्टर हा मातीत मोकळा राहणारा जिवाणू. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो घेता येत नाही. हा जोड तोडणारं नायट्रोजिनेज नावाचं विकर ॲझोटोबॅक्टरकडे असतं. पण ते चालवायला त्याला भरपूर ऊर्जा खर्चावी लागते. रायझोबियमला ही ऊर्जा साखरेच्या रूपात यजमान झाड पुरवतं. ॲझोटोबॅक्टरला मात्र ती मातीतल्या कुजणाऱ्या पदार्थांतून आणि मुळांतून पाझरणाऱ्या रसातून स्वतःच मिळवावी लागते.

प्रयोगशाळेत ॲझोटोबॅक्टर एक ग्रॅम साखर खाऊन साधारण १० ते २० मिलिग्रॅम नत्र धरतो. जिवाणू खताच्या माहितीपत्रकांत हेक्टरी १५-२० किलो नत्राचा आकडा हमखास दिसतो. त्यातला खालचा, म्हणजे १५ किलोचा आकडा धरला, तरी एवढा नत्र धरण्यासाठी हेक्टरभर मातीत जिवाणूंना पाऊण ते दीड टन साखरेइतकं सहज पचणारं खाद्य मिळायला हवं. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेल्या, वर्षानुवर्षं शेणखताचं तोंड न पाहिलेल्या रानात हे खाद्य येणार कुठून? तिथे पाकीट टाकलं तरी जिवाणू उपाशीच राहतात. मग ‘जिवाणू खताचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो त्या रानापुरता खराही असतो.

आणखी एक मर्यादा आहे. मातीत तयार अमोनियम भरपूर असेल, तर ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरणं थांबवतो. आयतं मिळत असताना एवढी ऊर्जा तो खर्च करत नाही. त्यामुळे पेरणीला नत्राचा सगळा हप्ता एकदम ओतायचा आणि त्याच दिवशी ॲझोटोबॅक्टरकडून कामाची अपेक्षा करायची, हे जमत नाही. नत्र दोन हप्त्यांत विभागून देण्याच्या शिफारशीचा हाही एक फायदा आहे.

मग हे पाकीट घ्यायचं कशासाठी? माझ्या मते निव्वळ नत्राच्या हिशोबासाठी नव्हे. हे जिवाणू वाढीला चालना देणारी संप्रेरकंही सोडतात. त्यानं उगवण आणि सुरुवातीची मुळं सुधारतात. सूर्यफुलाच्या पहिल्या तीन आठवड्यांत ही मदत मोलाची असते. शिवाय पाकिटाची किंमत एवढी कमी असते की फायदा बेताचा झाला तरी खर्च अंगावर येत नाही. जिवाणू खत दिलं म्हणून नत्राची मात्रा पाव हिस्सा कमी करण्याचा सल्ला मात्र मी सरसकट देणार नाही. रानात दरवर्षी शेणखत पडत असेल आणि माती परीक्षणात कर्ब बरा दिसत असेल, तरच तो विचार करावा.

आता गोणीकडे वळू. महाराष्ट्रात बागायती सूर्यफुलाला हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी शिफारस रूढ आहे. कोरडवाहूला ५०:२५:२५, आणि त्याबरोबर पूर्वमशागतीच्या वेळी हेक्टरी अडीच टन शेणखत. कागदावर हेक्टर असला तरी आपला व्यवहार एकराचा, म्हणून बागायतीचा हिशोब एकरावर आणू: २४ किलो नत्र, १२ किलो स्फुरद, १२ किलो पालाश.

स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं, तर त्यात स्फुरद १६ टक्के, म्हणजे ७५ किलो लागेल, दीड गोणी. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश, त्यात पालाश ६० टक्के, म्हणजे २० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ५२ किलो. ४५ किलोची एक गोणी आणि वर थोडा. यातला निम्मा युरिया पेरणीला, निम्मा महिन्यानं.

डीएपी घेतलं तर काम सोपं वाटतं. २६ किलोत १२ किलो स्फुरद मिळतो, वर पावणेपाच किलो नत्रही येतो, मग युरिया ४२ किलोच पुरतो. दीड गोणीऐवजी अर्धी गोणी वाहायची! पण सिंगल सुपरमध्ये स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक असतो. ७५ किलोत तो सव्वाआठ किलो भरतो. गंधकाची कमतरता असलेल्या रानात सूर्यफुलाला हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो गंधक द्यायला सांगतात. तो या दीड गोणीतच निघाला. डीएपीत गंधक नाही, तेव्हा तो वेगळा विकत घ्यावा लागतो. बहुतेक वेळा तो घेतला जातच नाही. तेलबियांना गंधक हा काही वरकड घटक नाही. तेल तयार करणाऱ्या साखळीतल्या अनेक विकरांना आणि दाण्यातल्या काही अमिनो आम्लांना तो लागतोच. म्हणून सूर्यफुलापुरतं माझं मत सरळ आहे: वाहतूक परवडत असेल तर सिंगल सुपरच घ्यावं.

गंधक वेगळा घेतलाच तर त्याची पावडर किंवा दाणे मिळतात. हा मूलद्रव्यी गंधक झाडाला जसाच्या तसा घेता येत नाही. मातीतले थायोबॅसिलस जातीचे जिवाणू त्याचं सल्फेट करतात, मग मुळं ते घेतात. त्याला ओल लागते आणि काही आठवडे जातात. म्हणून हा गंधक पेरणीआधीच शेणखतात मिसळून द्यायचा. फुलं लागल्यावर टाकला तर पुढच्या पिकाला उपयोगी पडेल, सूर्यफुलाला नाही.

युरियाचंही असंच आहे. मातीतल्या युरिएज विकरामुळे दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं, आणि हे विकर बहुतांशी जिवाणूंनीच मातीत सोडलेलं असतं. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचं नायट्रेट. झाड बहुतांश नत्र नायट्रेटच्या रूपात घेतं. म्हणजे ‘रासायनिक’ म्हणून ज्याला नावं ठेवायची, त्या युरियाचा शेवटचा प्रवासही जिवाणूंच्याच खांद्यावरून होतो. त्यांना ओल, हवा आणि कर्ब नसेल, तर गोणीही निम्मी वाया जाते.

स्फुरदाची गोष्ट जरा वेगळी. लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड हा आपल्याकडचा जुना सूर्यफुलाचा पट्टा. लातूरला तेलबिया संशोधन केंद्रही आहे. इथली काळी जमीन बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी आहे, सामू आठच्या आसपास, आणि चुनखडीही बरीच. पाण्यात विरघळणारं सुपर फॉस्फेट अशा मातीत पडलं, की त्यातला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि न विरघळणारा होऊन बसतो. पहिल्या हंगामात पिकाच्या हाती जेमतेम १५-२० टक्के लागतो. बाकीचा बँकेत मुदत ठेवीत अडकल्यासारखा रानातच राहतो. वर्षानुवर्षं डीएपी खाल्लेल्या रानात अशी ठेव बरीच साचलेली असते.

पीएसबीचे जिवाणू, मुख्यतः बॅसिलस आणि स्यूडोमोनास गटातले, ग्लुकोनिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्लं सोडतात. मुळाभोवतीच्या अगदी थोड्या जागेत त्यानं सामू खाली येतो, कॅल्शियम आम्लाकडे ओढला जातो आणि स्फुरद मोकळा होतो. हे काम मुळाजवळच्या काही मिलिमीटरांत चालतं, सगळ्या रानात नव्हे. त्यामुळे जिवाणू मुळाशी असणं महत्त्वाचं. पीएसबी नवा स्फुरद आणत नाही, आहे तोच सोडवतो. जिथे ठेवच नाही तिथे सोडवायचं काय? स्फुरद मुळातच कमी असलेल्या हलक्या माळरानात नुसत्या पीएसबीवर भिस्त ठेवू नये. पालाश मोकळा करणारे जिवाणूही बाजारात मिळतात. काळ्या जमिनीत पालाश एरवीच बरा असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी मी खिशात हात घालणार नाही.

पाकीट विकत घेताना मागची बाजू वाचावी. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलिलिटरला दहा कोटी. अंतिम तारीख उलटलेलं किंवा दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेलं पाकीट म्हणजे नुसती कोळशाची भुकटी. घरी आणल्यावरही ते युरियाच्या गोणीवर ठेवू नये.

बीजप्रक्रियेचं प्रमाण किलो बियाण्याला २५ ग्रॅम. सूर्यफुलाच्या एका किलोत साधारण १८-२० हजार बिया बसतात. म्हणजे पाकीट कसाचं असेल तर बियामागे साठ-सत्तर हजार जिवाणू येतात. कृती सोपी आहे, पण क्रम सांभाळायला हवा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला तर जिवाणू वरच्या औषधानं मरतात. लिटरभर पाण्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम गूळ घालून उकळायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. कोमट पाण्यातही घाई करू नये. सावलीत गोणपाटावर बी पसरून त्यावर हे पाणी हलकं शिंपडायचं, बी ओलसर चिकट होईल इतकंच. वरून ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी भुरभुरवून हातानं अलगद चोळायचं. सूर्यफुलाच्या बियाचं टरफल कडक दिसलं तरी टोकाशी ते लवकर उकलतं, म्हणून रगडायचं नाही. प्रत्येक बियावर काळसर पातळ थर बसला की सावलीतच सुकवून त्याच दिवशी पेरायचं. 

एक अडचण आहे. आजकाल बहुतेक जण संकरित बियाणं घेतात, आणि ते कंपनीकडूनच बुरशीनाशक-कीटकनाशक लावून गुलाबी-लाल रंगात येतं. अशा बियावर जिवाणू लावले तर बरेचसे त्या औषधातच मरतात. तेव्हा त्यांना बियाऐवजी शेणखतातून रानात सोडणं शहाणपणाचं. एकरी दोन-दोन किलो ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी घ्यायचं, पन्नास ते शंभर किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळायचं, झाडाखाली ओल्या गोणपाटानं झाकून ठेवायचं आणि शेवटच्या पाळीच्या आधी संध्याकाळी रानात विस्कटायचं. जिवाणूंचं राहणं-खाणं दोन्ही त्यात भागतं. हे शेणखत सुपर फॉस्फेटमध्ये किंवा युरियात कालवून एकाच घमेल्यातून टाकणारेही दिसतात. खताच्या क्षारांत जिवाणू सुकून मरतात. दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी करावीत.

पेरणी शक्यतो दोन चाड्यांच्या पाभरीनं, एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत. हेतू हा की खत बियाच्या खाली आणि थोडं बाजूला, चार-पाच सेंटिमीटरवर पडावं. सूर्यफुलाचं सोटमूळ सुरुवातीला सरळ खाली जातं आणि वाटेत त्याला खत भेटतं. बियाला चिकटून युरिया पडला तर उगवणच मार खाते. फोकून दिलेलं सुपर वरच्या दोन बोटांत राहतं. तो थर वाळला की मुळाला त्याचा उपयोग नाही, कारण स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही.

उगवणीनंतर बारा-पंधरा दिवसांनी विरळणी करावी. हे खताचंच काम समजा. भारी जमिनीत ६० बाय ३० सेंटिमीटरवर एकरी सुमारे बावीस हजार झाडं बसतात. २४ किलो नत्र त्यांच्यात वाटला तर झाडामागे जेमतेम एक ग्रॅम येतो. एका जागी दोन झाडं ठेवली की तो अर्ध्यावर आला आणि दोन्ही तबकं वाटीएवढी राहिली.

युरियाचा दुसरा हप्ता पेरणीनंतर महिन्याभरानं, झाडाच्या शेंड्यात कळीची चाहूल लागते त्या सुमाराला. तबकात किती दाणे बसणार हे याच दिवसांत ठरतं. आधी कोळपणी करून तण काढायचं, ओळीच्या बाजूनं युरिया द्यायचा आणि मातीत झाकायचा. विम्लधर्मी काळ्या मातीत वरवर टाकलेल्या युरियाचा अमोनिया वायू होऊन उडतो, आणि ऊन जितकं कडक तितकं नुकसान मोठं. पाणी लगेच देता येत असेल तर उत्तम, कोरडवाहूत पावसानंतरच्या वाफशावर. पाऊस लांबला तर हप्ता पुढे ढकलावा, कोरड्यात टाकू नये. मात्र फुलोऱ्यानंतर युरिया देऊ नये. उशिरा आणि जादा नत्रानं पानं हिरवीगार दिसतात, शेजारी कौतुक करतात, पण दाण्यात प्रथिनं वाढून तेलाचा टक्का घसरतो. झाड लुसलुशीत होऊन किडी-रोगांना बळी पडतं आणि वाऱ्यानं लोळतं.

आता बोरॉन. सूर्यफुलाचा दाणा पोचट राहण्याची कारणं अनेक, पण त्यांतलं हे हमखास नजरेआड होणारं. परागकण फुलावर पडल्यावर त्यातून बारीक नळी आत उतरते, तेव्हाच बीज धरतं. ही नळी वाढायला बोरॉन लागतो. तो कमी असेल तर तबक वेडंवाकडं होतं, कधी मानेशी देठ तडकतो आणि मधले दाणे रिकामे राहतात. कडेच्या पिवळ्या पाकळ्या उमलू लागल्या की लिटर पाण्यात दोन ग्रॅम बोरॅक्स घेऊन तबकावर फवारावं. बोरॅक्स गार पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तांब्याभर गरम पाण्यात आधी विरघळवून मग टाकीत ओतावं. पाकिटावर बोरॉन २० टक्के लिहिलेलं असेल, तर लिटरला एक ग्रॅमच. बोरॅक्समध्ये बोरॉन ११ टक्केच असतो. हातचं प्रमाण इथे चालत नाही, कमतरता आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं.

ही फवारणी मी संध्याकाळी करायला सांगेन. सकाळची वेळ मधमाश्यांची. तबकातली नळीसारखी बारीक फुलं कडेकडून मध्याकडे, आठवडाभर रोज थोडी थोडी उमलतात आणि पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम मुख्यतः माश्या करतात. हेक्टरी चार-पाच पेट्या ठेवाव्यात म्हणतात. त्या मिळाल्या नाहीत तर हाताला तलम कापड गुंडाळून सकाळी सात ते अकराच्या दरम्यान एकाआड एक दिवस तबकांवरून हलका हात फिरवतात. या दिवसांत बोरॅक्सच्या पाण्यात कीटकनाशक मिसळून ‘एका फेरीत दोन कामं’ उरकली, तर खतावरचा सगळा खर्च पोचट दाण्यात जमा होतो.

राहिला पालाश. सूर्यफूल तो भरपूर उचलतं, पण त्यातला थोडाच दाण्यात जातो. बहुतेक सगळा खोडात, पानांत आणि तबकाच्या चकतीत राहतो. ‘सूर्यफुलानं रान चोपतं, पुढचं पीक येत नाही’ ही जुनी तक्रार आहे. त्यात तथ्य एवढंच की खोल मुळांनी खालची ओल आणि पालाश वर ओढलेला असतो, आणि आपण रास झाली की धसकटं-खोडं बांधावर नेऊन पेटवतो. राखेत पालाश राहतो खरा, पण तो बांधाला मिळतो. खोडं जाडजूड असल्यानं ती तशीच नांगरली तर लवकर कुजत नाहीत. त्यांचे तुकडे करून शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवावीत, किंवा रोटाव्हेटरनं बारीक करून पावसाळ्यापूर्वी रानात मिसळावीत. बडवून रिकाम्या झालेल्या चकत्या जनावरं खातात. त्या वाळवून, फोडून कडब्याबरोबर घालाव्यात. बुरशी आलेल्या मात्र खड्ड्यातच टाकाव्यात.